बिबड्यांच्या डब्यातली जोखीम

भिकुबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीचं नाव भिकू ठेवलं. भिकेत मागून आणलेल्या पोरीवर यमाची नजर जात नाही, असा घरच्यांचा हिशेब. नजर गेली नाही खरी. पण पोरीच्या शिंकेलाही दचकणाऱ्या घराची धास्ती तिच्या हाडीमाशी खिळली. तार आली की कोणीतरी गेलंच, असं ती उघडण्याआधीच धरून चाले. बाहेर निघताना कुलूप ओढून बघे, चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघे, आणि मग ओढून ओढून ते सैल झालं असेल म्हणून वाटभर भिई. नवरा अभिमन धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होता. तो म्हणे, "हिला एखाद्या दिवशी भ्यायला काही सापडलं नाही, तर त्यानेच घाबरून आजारी पडेल."

अशा बाईवर शेजारच्या मंदाबाईने मात्र डोळे मिटून भरवसा टाकला होता. मंदाबाईचा नवरा भटू आकड्यांच्या नादी लागलेला. घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून त्याने बाजाराला दाखवली होती. उरली होती ती मंदाबाईच्या आईने दिलेली पोत आणि दोन पाटल्या, लेकीच्या, इंदूच्या लग्नासाठी राखलेल्या. एके दुपारी पदराखाली फडक्यात बांधून तिने त्या भिकुबाईच्या हातात ठेवल्या. ना चिठ्ठी ना चपाटी. भित्रं माणूस वस्तू जपतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

भिकुबाईने ते पुडकं बिबड्यांच्या डब्यात तळाशी ठेवलं. उन्हाळ्यात घातलेले पापडासारखे ज्वारीचे बिबडे, त्यांची चळत डब्याच्या तोंडापर्यंत. चोर पेटी फोडेल, कपाट फोडेल, देव्हारा उलटा करेल, पण वाळल्या बिबड्यांना कोण हात लावतो? अभिमनलाही तिने सांगितलं नाही. पुरुषाच्या पोटात काही राहत नाही; चहाच्या टपरीवर बोलून गेला तर? तीन वर्षं पुडकं तिथेच होतं. वर्षाचे बिबडे बदलत, पुडकं बदलत नसे.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात अभिमनची जळगावला बदली झाली. भिकुबाईने पहिलं काम केलं ते मंदाबाईला हाक मारण्याचं. पण मंदाबाईने तिचे दोन्ही हात धरले. "आक्का, जळगाव काय लांब शे? तुन्हापाशीच ऱ्हाऊ दे. आठे ऱ्हायनं ते तो इकी टाकी." भटू विकून टाकेल हे खरंच होतं; भिकुबाईला नाही म्हणवेना. आता पुडकं न्यायचं कसं? एस.टी. स्टँडच्या गर्दीत गळे आणि कनवट्या मोकळ्या करणारे असतात, हे तिने हजारदा ऐकलेलं. कमरेला बांधलं तर कमरेवरच हात जायचा, आणि हात गेला की चोराला कळायचं. त्यापेक्षा डबाच बरा. इतकी वर्षं जपलं त्याने.

सामानाला मालट्रक ठरवला. ट्रान्सपोर्टवाले केवलचंद स्वतः दारात उभे राहून माल चढवून घेत होते. पलंग, कपाट, शिवणयंत्र, जातं, भांड्यांची पोती, डबे असं सगळं चढलं, वर ताडपत्री पडली, दोर आवळले. हमाल ओट्यावर पाणी पीत बसले. तेवढ्यात अभिमनने विचारलं, "शेठ, वाटेत काही झालं तर?"

"भाऊ, आधीच विचारलं हे बरं केलं," केवलचंद म्हणाले. "मालाच्या पावतीवर, या बिल्टीवर, छापलंय तेच तोंडी सांगतो. माल मालकाच्या जोखमीवर. चढवता-उतरवताना माझ्या माणसाच्या हातून फुटलं तर ते माझं. पण रस्त्यात गाडी कलंडली, पाऊस लागला, तर मी फार तर भाडं सोडेन. ज्याचा माल त्याची जोखीम. भरपाई पाहिजे असेल तर विमा वेगळा काढावा लागतो. सामानाची किंमत सांगा, त्यावर हप्ता."

"काढा," अभिमन ऐटीत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या सामानाला कोणी किंमत विचारली होती.

"काढतो. पण एक ऐकून ठेवा. विम्यात भांडीकुंडी, लाकूड-लोखंड, कपडालत्ता सगळं येतं. सोनं, रोकड, दस्तऐवज येत नाही. तसलं काही मालात असेल तर आत्ताच काढून अंगावर घ्या. न सांगता ठेवलं आणि गेलं, तर विमावाला हात वर करतो आणि मीपण करतो. आहे का तसं काही, वहिनी?"

भिकुबाईची नजर ताडपत्रीकडे गेली. हो म्हणायचं तर समोर हमाल बसलेले, ड्रायव्हर हिलाल चाकाशी टेकून विडी ओढतोय, गल्लीतल्या बाया निरोपाला जमलेल्या, आणि त्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, भटू उभा. मंदाबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर. तिने भिकुबाईकडे बघितलं आणि झटकन नजर खाली घातली.

"नाही," भिकुबाई म्हणाली. मग धीर करून नवऱ्याला म्हणाली, "तेवढा बिबड्यांचा डबा खाली काढून घ्या हो. आपल्यासोबत एस.टी.त नेऊ."

"बिबडे? एस.टी.त?" अभिमन हसला. "तळणार कुठे? इंजिनावर?" हमालही हसले. डबा कपाटामागे पार तळात गेला होता; तो काढायचा तर निम्मी गाडी रिकामी करावी लागली असती. केवलचंदांनी नारळ फोडला. गाडी निघाली आणि भिकुबाईचा जीव तिच्या मागच्या फळीला लटकून गेला.

एस.टी.त पारोळ्यापर्यंत अभिमन विम्याचंच बोलत होता. "आता गाडी नदीत पडली तरी आपल्याला काय? नवं कपाट येईल, नवं यंत्र येईल. तू उगाच भितेस. सगळ्याचा विमा आहे." भिकुबाई खिडकीचा गज घट्ट धरून बसली होती. सगळ्याचा होता, ज्याचा हवा होता त्याचाच नव्हता. नवऱ्याला सांगावं तर शेजारच्या बाकावरचा माणूस जागा होता. तो झोपला, तेव्हा तिला वाटलं, झोपेचं सोंग घेतोय.

पिंप्राळ्याच्या भाड्याच्या खोलीत ती दोघं संध्याकाळपर्यंत रिकाम्या फरशीवर बसून राहिली. गाडी आली नाही. सकाळी आला तो ड्रायव्हर हिलाल, गाडीशिवाय, डोक्याला फडकं बांधून. "भाऊ, गाडी धुळ्यातच बिघडली, दुरुस्त होऊन निघायला रात्र झाली. एरंडोलच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. तिला वाचवायला गेलो आणि ट्रक रानात कलंडला. माणसं वाचली. माल सांडलाय. शेतावरची म्हातारी राखणीला बसलीय."

"जिवावरचं सामानावर निभावलं," अभिमन म्हणाला. "विमा आहे."

भिकुबाईला मात्र दिसत होती ती इंदू, हळद लागलेली, आणि समोर हात पसरून उभी मंदाबाई. मंदाबाईला काय सांगायचं? गाडी उलटली म्हणायचं? सोनं मी खाल्लं असंच जग म्हणेल. आणि जग तसं म्हणालं तर आपण तोंड उघडून काय दाखवणार?

नांगरलेल्या रानात तिचा संसार ढेकळांवर पसरला होता. कपाटाचं दार निखळलेलं, यंत्राचं चाक वाकलेलं. अभिमन ते सगळं विमावाल्याला कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव करत फिरत होता. भिकुबाई सरळ डब्याकडे धावली. डबा चेपून आडवा पडला होता, झाकण नव्हतं. आत हात घातला तर तळाला बोटं लागली. ती गुडघ्यांवर बसली आणि ढेकळं उकरू लागली. मातीत बिबड्यांचे तुकडे, मुंग्या, आणखी तुकडे. ती मोठ्याने रडायला लागली.

"अगं, काय हे!" अभिमन ओशाळला. "बिबड्यांसाठी रडतेस? कपाट गेलं त्याचं काही नाही?"

बाभळीखाली बसलेली म्हातारी उठली. द्रौपदाबाई तिचं नाव, रान तिचंच. ती काठी टेकत आली, अभिमनला म्हणाली, "तुम्ही तथा व्हा जराक," आणि तो लांब गेल्यावर भिकुबाईजवळ टेकली.

"बिबडासाठे कोनी इतलं रडस का, माय?" ती हळूच म्हणाली. "बिबडा बठ्ठा पोरेसनी खायी टाकात. पन हाई मी कोनले दखाडं नही." तिने कमरेच्या ओच्यातून पुडकं काढलं. गाठ तीच, भिकुबाईने मारलेली. "आम्हीबी बिबडामाच ठेवतस."

भिकुबाईने तिचे पाय धरले. पुढे विमावाल्याने कपाटाचे आणि यंत्राचे पैसेही दिले, आणि अभिमन खात्यात सगळ्यांना विम्यावर व्याख्यान देत सुटला. दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात ही गोष्ट इथे सुखाने संपली असती.

पण भिकुबाईची भीती आता वाघाला रक्त लागावं तशी झाली. जे होऊ शकतं असं तिला जन्मभर वाटे, ते झालेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पुडकं ती पिठात ठेवी, तिथून काढून सरपणात ठेवी. पाणी भरायला गेली तर अर्ध्या वाटेवरून हंडा रिकामा घेऊन परत येई. तिला अन्न गोड लागेना. बिबडे तर तिने पुन्हा घातलेच नाहीत. शेवटी एक दिवस पुडकं पोटाशी बांधून, दोन्ही हात त्यावर धरून, ती एस.टी.ने धुळ्याला गेली. वाटेत कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

भटू घरात नव्हता. मंदाबाई भाकरी थापत होती. भिकुबाईने पुडकं तिच्या पुढ्यात ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"मंदा, तुन्हं हाई तू ले. माले झेपस नही."

मंदाबाईचे पिठाचे हात तसेच राहिले. "आक्का, मी कोठे ठेऊ?"

खोली एकच होती. कोपरे चार, आणि चारही भटूच्या ओळखीचे. भिकुबाईला ते दिसत होतं. तिला हेही दिसत होतं की आपण हात पुढे केला तर मंदाबाई क्षणात पुडकं परत देईल. पण आदल्या रात्रीही तिचा डोळा लागला नव्हता. केवलचंदांचं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघालं.

"जेना माल, तेनी जोखीम, मंदा."

मंदाबाईने मान हलवली. भांडली नाही. गरम भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा दिला, आणि स्टँडपर्यंत पोचवायला आली. परतीच्या एस.टी.त भिकुबाईला गाढ झोप लागली. एरंडोल कधी गेलं ते कळलंही नाही.

पावसाळा संपायच्या आत अभिमन कामानिमित्त धुळ्याला जाऊन आला. जेवताना सहज म्हणाला, "त्या भटूच्या हाती कुठूनसं सोनं लागलं होतं म्हणे. पोत, पाटल्या. सगळं उडवलं." पुडक्याचं त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. भिकुबाईच्या हातातला घास ताटात पडला. आयुष्यभर ती नाही नाही त्याला भ्यायली. जे खरंच भिण्यासारखं होतं, ते तिने स्वतःच्या हातांनी, एस.टी.चं तिकीट काढून, तिथे नेऊन ठेवलं होतं.

इंदूच्या लग्नाला जायला तिचे पाय उचलत नव्हते. मंदाबाई आता बोलेल, चार माणसांत बोलेल, या भीतीने ती मांडवाच्या खांबाआड उभी राहिली. मंदाबाईने तिला शोधून काढलंच. हाताला धरून व्याह्यांकडच्या बायांसमोर नेलं.

"ह्या मन्ह्या आक्का," ती म्हणाली. "तीन साल मन्हं सोनं यास्नी सांभाळं."

बाया कौतुकाने बघू लागल्या. भिकुबाईने तोंडाला पदर लावला. समोर पाटावर इंदू बसली होती, आणि तिच्या गळ्यात काळ्या मण्यांचा नुसता दोरा होता.