शिंदेमामांचं बोट

कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. अर्धवट उघड्या दाराच्या काचेपलीकडे शिंदेमामा एकटेच नव्या मशीनच्या पडद्यावर बोट दाबत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा. पडदा ढिम्म. तीस वर्षं लेथवर काम करून त्यांच्या बोटांची कातडी इतकी निबर झाली होती की त्यांचा स्पर्श पडद्याला कळतच नव्हता.

मी जागीच थांबलो. गेल्या आठवड्यात याच पडद्यावर मी त्यांची परीक्षा घेतली होती. ते अडले, तेव्हा ‘नवं शिकू शकत नाहीत’ असा शेरा मारून कामावरून कमी करायच्या यादीत त्यांचं नाव मीच घातलं. त्यांचा हात मात्र मी पाहिलाच नव्हता.

एवढ्यात नवी इंजिनिअर नेहा आली. तिने त्यांना रबरी टोकाचं पेन दिलं. “मामा, याने टेकवून बघा.”

पडदा उजळला. मामांनी भराभर सगळी मापं भरली. “अगं, हे तर मला केव्हाचं येतंय!”

“मग आता मला आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायला शिकवा.”

“शिकवतो. पण चहा तुझ्याकडून.”

माणसं पारखण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यात कितीजणांसमोर मीही असाच ढिम्म राहिलो असेन?

यादी संध्याकाळी साहेबांकडे जायची होती. मी वर ऑफिसात जाऊन मामांचं नाव खोडलं आणि कागद घेऊन खाली उतरलो. यादीतल्या उरलेल्या सहाजणांचे हात मला पाहायचे होते.