सहा दारं आणि मामीचा कंट्रोलर

तुम्ही नशीब मानत नाही म्हणता, मग फासा घरंगळत असताना श्वास का रोखता? मी रोखते, म्हणून विचारते. माझे बाबा कल्याणात आयुष्यभर पत्रकं छापून वाटत आले. बुवाबाजीविरुद्ध, मुहूर्तांविरुद्ध, अंगठ्यांमधल्या खड्यांविरुद्ध. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. तरीही फासा सुटला की माझी छाती थांबते. सगळ्या ठाणे जिल्ह्यात फाशापुढे ज्याचा श्वास थांबत नाही असा एकच माणूस मी पाहिला, तो माझा मामा. फासा पडत असताना तो चष्मा पुसतो. "पडायचं ते पडू दे गं," तो म्हणतो. "आपल्याला निकाल लिहायचाय, आशीर्वाद द्यायचा नाही."

मामा व्हिडिओ गेमचा समीक्षक आहे. हसू नका, मी हसून झालंय. ज्या वयात बाकीचे ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बसून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, त्या वयात मामा ठाकुर्लीच्या आपल्या दोन खोल्यांत, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून, ताठ खुर्चीत बसून राक्षस मारतो. नोकरी त्याने ठाण्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून केली. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल उतरवून घेतले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचे देण्याची हौस कुठेतरी फेडायची म्हणून खेळांना पकडलं. त्याचे निकाल छापायला मीच त्याला वेबसाइट काढून दिली. तिथे तारे नाहीत, गुण नाहीत. 'निर्दोष', 'दोषी' आणि 'संशयाचा फायदा', एवढंच. भाषा अर्थातच कोर्टाची. "सदर खेळातील राक्षस भिंतीत अडकून पडलेला आढळला. त्याची बाजू ऐकून घेता आली नाही." एका मोटारींच्या शर्यतीत त्याच्या गाडीचा धक्का एका हातगाडीवाल्याला लागला, तर हा अख्खी दुपार गाडी तिथेच उभी करून बसला, माणूस उठतो का ते पाहायला. बाकीच्या गाड्या शर्यत संपवून गेल्या. हातगाडीवाला उठला नाही. त्या खेळाला मामाने असं झोडपलं की वाचून मला वाटलं, बाबांचं पत्रकच वाचतेय.

त्याचे नियम तर विचारूच नका. खेळ स्वतःच्या पेन्शनीतून विकत घ्यायचा. खेळ बनवणाऱ्याच्या हातचा चहासुद्धा प्यायचा नाही, ती लाच. आणि सगळ्यात मोठा नियम असा की वाचकाला जो खेळ डब्यातून निघाल्यासारखा मिळतो, तोच आणि तसाच खेळायचा. सेटिंगला हात लावायचा नाही. एक भुताचा खेळ मुळातच इतका काळाकुट्ट होता की मामा त्यात आठवडाभर काहीही न दिसता फिरत होता. उजेड वाढवायची पट्टी समोर होती, पण नाही. शेवटी मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, टीव्ही लावलाय की नुसते समोर बसलाय?"

ही मामी त्याची सहखेळाडू. तिला खेळात रस शून्य, पण नवरा एकटा मरत बसतो हे तिला बघवायचं नाही. म्हणून दुसरा कंट्रोलर घेऊन ती शेजारच्या उशीला टेकून बसायची. तिला एकच डाव यायचा, आपल्या माणसाला डावीकडे न्यायचं. खेळात राक्षस, खजिना, जे काही असतं ते उजवीकडे. डावीकडे असते ती फक्त जिथून निघालो ती जागा. "कशाला जाताय तिकडे? बरे होतो की इथं," असं म्हणत ती अंगठ्याखालची दांडी डावीकडे दाबून धरायची. मामा उजवीकडे ओढायचा, मामी डावीकडे, आणि दोघांचे शूरवीर पडद्याच्या मधोमध एकमेकांना ताणत उभे राहायचे. "सहखेळाडूच्या असहकारामुळे पुढील भाग तपासता आला नाही," असं तो निकालात प्रामाणिकपणे नोंदवायचा. वर्षानुवर्षं दाबून दाबून ती दांडी इतकी सैल झाली की जरा हादरा बसला तरी डावीकडे कलंडायची.

मामी गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सतरंज्या उचलल्या, भांडी परत गेली. तिचा कंट्रोलर मात्र कुणी उचलला नाही. तो तिच्या उशीवर तसाच राहिला, वायर जोडलेली. मी एकदा गुंडाळायला गेले तर मामा म्हणाला, "राहू दे. साक्षीदार आहे तो."

त्याच सुमाराला 'सहा दारं' हा खेळ आला. माझा कॉलेजातला मित्र सुमेध आणि त्याचा एक जोडीदार, दोघांनी डोंबिवलीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून तो बनवला होता. एक माणूस कंदील घेऊन एका अंधाऱ्या इमारतीत शिरतो. प्रत्येक मजल्यावर सहा दारं. फासा टाकायचा, पडेल त्या आकड्याचं दार उघडतं आणि आत जे असेल त्याच्याशी तलवारीने लढायचं. मेलात की पुन्हा तळमजला, आणि तोवर वरची इमारत बदललेली. या जातीच्या खेळांना रोगलाइक म्हणतात. एक आकड्याच्या दारामागे मात्र राक्षस नसतो. तिथे एक चूल पेटलेली असते, शेजारी घोंगडी, आणि तिथे बसलं की जखमा भरतात.

समीक्षकांनी खेळ सोलून काढला. "दिसायला देखणा, हाताला चपळ, पण फासा वैरी," एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "इथे खेळाडू नको, ज्योतिषी पाठवा." गरजेच्या वेळी चुलीचं दार म्हणे कुणाला दिसतच नव्हतं. सुमेध मला भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "वाट लागली यार. ठाण्यातल्या एका ऑफिसातून नोकरीचं बोलावणं आलंय. तुझ्या मामाचा निकाल काय येतो बघतो, नाहीतर दुकान बंद करून तिकडे चिकटतो."

मी मामाकडे गेले ती टळटळीत दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, पंखा फिरत होता, मामा खेळत होता. त्याचा कंदीलवाला मरायला टेकला. पडद्याच्या कडा लाल झाल्या, छातीचे ठोके ऐकू यायला लागले, आणि माझ्या बाजूला, उशीवर, मामीचा कंट्रोलर घुरघुरला. रिकाम्या उशीतून दबका, कुरकुरीचा आवाज, मामी न बोलता नापसंती दाखवायची तसा. मामाने फासा टाकला. तो घरंगळत पाचावर बसायला आला, बसलाही जवळजवळ, आणि कुणीतरी बोटाने ढकलल्यासारखा डावीकडे कलंडून एकावर पडला. दार उघडलं. आत चूल.

"बघितलंस?" मामा चष्मा पुसत होता. "नेहमी असंच होतं. बरा असलो की पडेल ते पडतं. मरायला टेकलो की एक."

"मामा, संभाव्यता नावाची गोष्ट असते."

"असेल. पण ती उशीवर बसून कुरकुरत नाही."

मी बाबांची मुलगी आहे. मी उठून खिडकी सताड उघडली, उन्हात हात धरला. हातावरचा काटा जात नव्हता. मागून मामाचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता. "आलो गं, आलो. बसतो जरा."

निकाल लागला, 'निर्दोष'. मामाने कधी न वापरलेला शब्द त्यात होता. "सदर फासा दयाळू आहे. खेळाडू संकटात असता त्याची काळजी घेतो." झालं. लोक तुटून पडले. "आजोबा दुसराच गेम खेळलेत." "यांच्या घरी भूत आहे का भाऊ? पत्ता द्या, आम्हीपण येतो." मामाला त्याचं काही वाटलं नाही, कोर्टात त्याने याहून वाईट ऐकलं होतं. पण एका मुलीने लिहिलं, 'तुमच्यावर विश्वास ठेवून घेतला हो गेम. मला एकदाही चूल नाही मिळाली.' ते वाचून मामा जेवला नाही. "खोटी साक्ष झाली का गं माझ्याकडून?" त्याने मला विचारलं, आणि सुमेधला बोलावून घेतलं.

सुमेध आला. मामाने त्याला पाणी दिलं, त्याने आणलेली बिस्किटं दाराबाहेर ठेवायला लावली, आणि खेळून दाखवलं. लाल कडा, ठोके, उशीवरची घुरघुर, एक. पुन्हा तेच. सुमेध खेळाकडे बघतच नव्हता, उशीकडे बघत होता. मग त्याने डोकं धरलं.

"मामा, आमचीच चूक आहे. बनवताना आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. मी खेळायचो, आणि हवं ते दार तपासायला जोडीदार दुसऱ्या कंट्रोलरने फासा ढकलायचा. नाहीतर हवा तो आकडा यायची वाट बघत बसावं लागलं असतं. ते नंतर काढायचं राहिलेलं. एकट्याने खेळताना दुसरा कंट्रोलर जोडतंच कोण? म्हणून कुणाला कळलं नाही."

"मग मरतानाच का?"

"मरायला टेकलं की ठोक्यांबरोबर, जे जे कंट्रोलर जोडलेले असतील ते सगळे थरथरतात. ह्याची दांडी सैल आहे. थरथरली की डावीकडे पडते, आणि फासा डावीकडे लोटला की एक येतो."

त्याने वायर काढून दाखवली. ठोके आले, उशी गप्प राहिली, फासा चारावर बसला आणि कंदीलवाला मेला. वायर पुन्हा लावली. घुरघुर, कलंड, चूल.

माझ्या छातीवरचा दगड उतरायला हवा होता. भूत नव्हतं. कार्य होतं, कारण होतं, बाबांच्या पत्रकात शोभेल इतकं स्वच्छ. पण मामाने दांडीवर अंगठा ठेवला, जिथे मामीच्या अंगठ्याने रबर गुळगुळीत झालं होतं, आणि मला कळलं की कारण सापडलं म्हणून सगळं संपलं असं नाही. मामीच होती ती. तिनेच इतकी वर्षं दाबून दांडीत मुरवलेलं ते ओढणं अजून त्याला मागे घेत होतं. भुताचं समजावता तरी येतं. ह्याचं काय समजावणार?

सुमेध हळूच म्हणाला, "मामा, राहू देऊ का तसंच? कुणाला त्रास नाही त्याचा."

मामाने कंट्रोलर पुन्हा उशीवर ठेवला. बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं.

"काढ," तो म्हणाला. "वाचकाच्या घरी तुझी मामी नसते."

मामाने आपला निकाल मागे घेतला. कोर्टात असताना असं करणारा न्यायाधीश त्याला हवा होता, मिळाला नव्हता. नवा निकाल लागला, 'दोषी'. त्यात त्याने फाशाला फाडून खाल्लं. "मरणाऱ्याला चूल नाकारणारा खेळ हा खेळ नव्हे, छळ आहे," असं शेवटचं वाक्य. सुमेधने ते वाचलं आणि ऑफिसात चिकटायला गेला नाही. चिडून पुन्हा गिरणीवर जाऊन बसला. त्याने फासा नव्याने घडवला. आता मरणाऱ्याला चूल अधूनमधून दिसते. समीक्षकही नरमले, "सुधारला" म्हणाले. मामाने फेरतपासणी करून 'संशयाचा फायदा' दिला. सुमेधला त्याचंही कौतुक, कारण त्याला ठाऊक होतं की हा माणूस काय गमावून लिहितोय.

पण सुमेधने एक आगाऊपणा केला. सेटिंगच्या अगदी तळाशी त्याने एक ओळ ठेवली, 'दुसरा हात'. ती मुळात बंद असते. चालू केली तर दुसरा कंट्रोलर पूर्वीसारखा फाशाला हलवू शकतो. समीक्षकांना तिचा अर्थ लागला नाही. "तळाशी एक निरुपयोगी पर्याय आहे, तो का ठेवला कळत नाही," एकाने लिहिलं.

मामाला कळलं. मी त्याला ती ओळ दाखवली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली, आणि मग आपला कंट्रोलर खाली ठेवला. "डब्यातून निघताना ती बंद आहे ना? मग माझ्यासाठी ती नाही. वाचक जे खेळत नाही ते मी खेळणार नाही." मी भांडले. म्हटलं, मामा, हा नियम आता कुणासाठी पाळतोयस? तो म्हणाला, "नियम म्हटला की तो आपल्यासाठीच आधी."

तेव्हापासून तो दुपारी खेळतो, मरायला टेकतो, आणि ठोके सुरू झाले की उशीकडे बघतो. कंट्रोलर घुरघुरतो, दांडी डावीकडे कलंडते. फासा ऐकत नाही. माझा मामा, जो फाशापुढे कधी श्वास रोखत नव्हता, तो आता रोखतो. चष्मा पुसायचं विसरतो.

म्हणून हे पत्रक समजा, आणि वाटा. तुमच्या घरात एखादा जुना कंट्रोलर असेल, कुणाच्या तरी अंगठ्याने झिजलेला, तर तो फेकू नका. 'सहा दारं' लावा, सेटिंगच्या तळाशी जा, 'दुसरा हात' चालू करा, आणि तो कंट्रोलर शेजारच्या उशीवर ठेवा. कुणाच्या हातात देऊ नका, नुसता ठेवा. मग मामाच्या वेबसाइटवर त्या निकालाखाली एवढंच लिहा की आम्ही असं खेळलो. तुम्ही पुरेसे जण असं खेळलात तर तो वाचकांचा खेळ होईल, आणि मग मामाला नियम न मोडता ती ओळ चालू करता येईल. एवढं कराच.