कोचच्या अंगणातली पाटी

आमच्या क्वेल फ्लॅट गावात कोचच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी दिसली की घर विकायचं असतं असं समजू नका. शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा संघ हरला की गावातला कोणीतरी शूरवीर अंधारात जाऊन ती ठोकून येतो. म्हणजे कोचने काय ते समजायचं आणि चंबूगबाळं आवरायचं. आधीच्या दोघांना आम्ही असंच वाटेला लावलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला हसू आलं होतं. ते दोघे होतेच त्या लायकीचे.

पण टिडवेल कोचच्या अंगणात पाटी उभी दिसली आणि माझं टाळकंच सटकलं.

शनिवारी सकाळी माझं कॅफे उघडायला निघाले होते, तेव्हाच दिसली. प्लायवूडचा तुकडा, त्यावर संघाच्या कपड्यांसारखा लालभडक रंग. ‘घर विकणे आहे. दार वाजवा.’ म्हणजे नुसती पाटी लावून समाधान नाही, वर त्या माणसाचं दारसुद्धा बडवायचं! मी पिकअप थांबवला, पाटी उपटली आणि मागे फेकून दिली.

कॅफे उघडलं तसं नेहमीचं टोळकं येऊन बसलंच. त्यात हर्शेल, म्हणजे शाळेच्या बोर्डाचा अध्यक्ष, जन्मभर कापसाचं जिनिंग चालवलेला. शेजारी डब, ज्याला काम काही नाही आणि मतं मात्र ढीगभर.

“कोणी लावली?” मी कॉफीचं भांडं आपटून विचारलं.

“काय कोणी लावली?”

“साळसूदपणा पुरे. कोचच्या अंगणातली पाटी.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “मी नाही बुवा,” डब म्हणाला. “लावायला हवी होती कोणीतरी, ते सोड. ओळीने चार सामने हरलाय हा माणूस. पण मी नाही.”

“मी लावीन कशाला?” हर्शेल म्हणाला. “मला त्याला काढायचं असेल तर बोर्डात हात वर करीन. पाटीला रंग कोण फासत बसणार?”

हे मात्र खरं वाटलं. हर्शेल आळशी आहे. मग लावली तरी कोणी?

आता हा टिडवेल म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगते. शाळा आमची एवढीशी, की संघात सहा-सहाच पोरं खेळतात. बाकीच्या गावांत अकरा लागतात, आमच्याकडे तेवढी उभी करायची तर मास्तरांनाही हेल्मेट घालावं लागेल. तर अशा शाळेत हा माणूस आला तो पोरांना इतिहास शिकवायला, सकाळी शाळेची बस चालवायला आणि दुपारी लांबुडका चेंडू काखेत मारून पळायला शिकवायला. उंच, वाकलेला, टोपी सदा डोक्यावर. बोलणं असं की ऐकणाऱ्याने घरी जाऊन डोकं खाजवावं.

“हरलात तर मान वर, जिंकलात तर मान खाली.” हे त्याचं पहिलं शास्त्र. मी म्हटलं, “कोच, मग समोर बघायचं कधी? ठेच लागेल ना पोरांना!” तर म्हणतात, “समोर बघायला मी आहे, वर्लीनबाई.”

दुसरं असं, की पडलेल्याला उचलायचं, आपला असो की त्यांचा. डबला याचा फार राग. “अरे, पाडला कशाला मग?” असं बाकावरून ओरडतो. तिसरं, लॉकर रूममध्ये बोललेलं लॉकर रूममध्येच राहील, आईबापालाही सांगायचं नाही. आणि शेवटचं सगळ्यात कडक. संघ सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण सगळ्यांसमोर उभं राहून, तोंडावर सांगून.

या शेवटच्या नियमावरून माझं आणि त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं. माझा नातू कोल्बी माझ्याकडेच राहतो. बाप तेलाच्या विहिरींवर गेला तो गेलाच, आणि आईचं नाव आमच्या घरात निघत नाही. गेल्या वर्षी पोराने सगळंच सोडायचं ठरवलं, शाळाही आणि खेळही. कोच म्हणाले, “हरकत नाही. ये आणि सगळ्यांना सांग.” कोल्बी गेला, पोरांसमोर उभा राहिला, आणि तोंडातून शब्द फुटेना. कोच शांतपणे उभे. शेवटी पोरगं रडलं आणि हेल्मेट घालून मैदानावर गेलं. मी कोचच्या अंगावर धावून गेले होते, “माझ्या पोराला चारचौघांत रडवता?” ते म्हणाले, “त्याला सोडायचं असतं तर सांगता आलं असतं, वर्लीनबाई.” दुसऱ्या दिवसापासून त्यांची बस आमच्या दाराशी थांबायला लागली. आमचं घर तिच्या वाटेवर नाही.

म्हणून म्हणते, बाकी गावाला चार सामने गेले त्याचं दुःख, मला माझं पडलं होतं. कोल्बीचं शेवटचं वर्ष पार पडायचंय. हा माणूस गेला तर माझं पोरगं पुन्हा वाऱ्यावर. तेव्हा पाटी लावणारा जो कोणी असेल त्याला मी बघून घेणार होते.

सोमवारी पाटी पुन्हा उभी. तोच रंग, तेच अक्षर. उपटली. बुधवारी आणखी एक, या वेळी खुंटा खोलवर गाडलेला. माझी कंबर धरली, पण उपटलीच. कॅफेत आल्यागेल्याच्या नखांना लाल रंग दिसतो का बघायला लागले. डब म्हणाला, “वर्लीन, तू माझा हात धरतेस म्हणून बरं वाटलं होतं, तर तू नखं तपासतेस होय!”

घरी वेगळीच तऱ्हा. एरवी कोल्बीच्या तोंडात तीळ भिजत नाही. वर्गात कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची गाडी बंद पडली, सगळं मला बीन्सचं ताट समोर यायच्या आत कळतं. आता गप्प.

“अरे, कोचची पाटी कोण लावतंय?”

“माहीत नाही.”

“पोरांपैकी कोणी?”

“आजी, मक्याचा पाव दे ना.”

“पाव गिळलास की तोंड उघडशील का?”

तर ताट उचलून आपल्या खोलीत! मला वाटलं, हरल्याची लाज वाटत असेल. पण शुक्रवारी तर ते जिंकले. चांगले दणदणीत जिंकले आणि सगळी पोरं माना खाली घालून अशी मैदानाबाहेर आली, की परगावच्या लोकांनी विचारलं, “यांचं कोणी गेलं का?” माझ्या शेजारची जागा तेव्हाही रिकामीच होती. आर्डिथची, म्हणजे कोचच्या बायकोची. सामना चुकवणारी बाई नव्हे ती, पण कापूस निघायला लागल्यापासून फिरकलीच नव्हती. मी मनात म्हटलं, नवरा हरायला लागला तर तोंड लपवतेस होय गं? बरी आहेस.

आणि शनिवारी, जिंकल्यावरसुद्धा, पाटी!

इथे माझी मतीच गुंग झाली. हरल्यावर पाटी लावतात हे समजतं. जिंकल्यावर कोण लावतं? बसले पिकअपमध्येच, पाटीकडे बघत. म्हटलं, आता कोचलाच विचारायचं. त्यांना कोणावर संशय असेल तर नाव काढून घ्यायचं आणि त्या माणसाला कॅफेत सगळ्यांसमोर सोलायचा.

पाटीवर लिहिलंच होतं. दार वाजवलं.

कोचनी दार जेमतेम उघडलं. “पटकन आत या, वर्लीनबाई, धूळ येते.” आत गेले तर खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल खोचलेले. भर सकाळी दिवा लावलेला. कोपऱ्यात खुर्चीवर आर्डिथ, नाकाला नळी, आणि बाजूला एक यंत्र फुसफुसतंय. एवढीशी झाली होती. मी मेलीने तिला काय काय म्हटलं होतं मनात!

“बस ना,” आर्डिथ म्हणाली. “कॉफी मात्र तुझ्याइतकी चांगली नाही आमच्याकडे.”

मी बसले. बोलायला आले होते एक, आणि तोंडातून आलं भलतंच. “कोच, तुमची पाटी कोण लावतंय?”

“मी,” कोच म्हणाले. “आणि उपटतंय कोण, ते कळेना मला. प्लायवूड संपत आलंय.”

मला काही समजेना. मी आर्डिथकडे बघते, कोचकडे बघते, त्या यंत्राकडे बघते.

“घर विकायचंय हो, खरंच,” ते म्हणाले. “जिनिंग सुरू झालं की हिला श्वास घेता येत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढचा हंगाम इथे काढला तर... हिची बहीण डोंगरात राहते, हवा स्वच्छ आहे. पवनचक्क्यांच्या कामावर आलेली माणसं घरं शोधत हिंडतात या रस्त्याने. त्यांच्यासाठी पाटी. गावातला कोण घेतोय?”

“पण गाव काय समजतंय ठाऊक आहे का?”

“ठाऊक आहे. बरंच झालं ते.”

“बरं झालं? लोक हसतात तुम्हाला!”

“हसू देत,” आर्डिथ म्हणाली. दोन शब्दांमध्ये दम खात होती. “दया नको मला. दारात जेवणाची पातेली घेऊन रांग नको. शेवटच्या सामन्यापर्यंत नाही. मीच म्हटलं याला, पोरांना अर्ध्यावर सोडलंस तर मी तुझ्या गाडीत बसणार नाही.”

“आणि पोरांना कधी सांगणार?”

कोचनी टोपी काढली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं. “पोरांना पाटीच्या आधी सांगितलं. सगळ्यांसमोर उभं राहून. नियम आहे ना.” मग हळूच म्हणाले, “मला सांगता आलं, वर्लीनबाई. सांगता येऊ नये असं फार वाटत होतं.”

म्हणजे कोल्बीला माहीत होतं! माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझा पाव खात बसलेल्या त्या पोराला सगळं माहीत होतं, आणि मी रोज त्याचं डोकं खात होते. संघातल्या एकाही पोराने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. क्वेल फ्लॅटमध्ये! जिथे मी शिंकले तर हर्शेल पलीकडच्या रस्त्यावरून औषध सांगतो!

“कोच, जाऊ नका,” मी म्हणाले. म्हणायला नको होतं, आर्डिथसमोर तर नाहीच. पण आलं तोंडातून. “माझ्या पोराचं कसं होईल?”

“तुमचं पोर गुपित ठेवू शकतं,” ते म्हणाले. “त्याचं भलं व्हायचं ते बरंचसं होऊन गेलंय.”

आर्डिथने माझा हात धरला. तिचा हात गार होता. “एक माणूस मंगळवारी घर बघायला येणार होता,” ती म्हणाली. “त्याला पाटी सापडली नसणार. दोनदा पुढे गेला, मागे आला, मी खिडकीतून बघत होते. मला उठून दारापर्यंत जाता येईना.”

मंगळवारी पाटी माझ्या पिकअपमध्ये होती.

मी उठले आणि बाहेर गेले. अंगणातली होती ती जरा वाकडी होती, ती सरळ केली. मग पिकअपमधून दुसरी काढली, आणि रस्त्याच्या अगदी कडेला, आंधळ्यालाही दिसेल अशी जागा बघून, कोचचा घण घेऊन ठोकायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ होती, पण धुळीमुळे नाही.

तेवढ्यात मागे गाडी करकचून थांबली. दुसरं कोण असणार, डब.

“वर्लीन!” त्याची खिडकी खाली, जबडा त्याहून खाली. “तू? तूच होतीस? आणि आमची नखं तपासत होतीस!”

जिभेवर आलं होतं सगळं. आर्डिथ, ते यंत्र, ओले टॉवेल. सांगितलं असतं तर डब तिथेच रडला असता, मन वाईट नाही त्याचं. आणि दुपारपर्यंत आर्डिथच्या दारात पातेल्यांची रांग लागली असती.

“हो, मीच,” मी म्हणाले. “काय म्हणणं आहे तुझं?”

त्याने थुंकून गाडी काढली.

सोमवारी कॅफेत माणसं होती, पण माझ्याशी कोणी बोलेना. हर्शेलने कॉफीचे पैसे टेबलावर ठेवले, माझ्या हातात दिले नाहीत. म्हणाला, “मला वाटलं होतं तू त्याच्या बाजूची आहेस. तुझ्या नातवासाठी त्याने काय नाही केलं?” मी फडकं घेऊन एकच जागा पुसत राहिले. कोल्बी त्या दिवशी माझ्याबरोबरच कॅफेत आला होता, काउंटरच्या टोकाला बसून बसची वाट बघत होता. एकदम उठला, काउंटरमागे आला आणि माझ्या हातातून फडकं काढून घेऊन स्वतः पुसायला लागला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण कळलं होतं त्याला.

बाहेर बस थांबली. आणि कोच स्वतः आत आले, जे सकाळी कधी येत नाहीत. माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि कॉफी मागितली. डब आ वासून बघतोय, की ज्या बाईने याच्या अंगणात पाटी ठोकली तिच्याच हातची कॉफी हा पितोय? इतके दिवस मी चक्रावले होते, आता त्यांची पाळी.

मी कपात कॉफी ओतली. वर बघायची हिंमत होत नव्हती, कारण बघितलं असतं तर तिथेच हुंदका फुटला असता.

“वर्लीनबाई,” कोच हळूच म्हणाले, मला एकटीलाच ऐकू जाईल असं, “मान वर.”