शकुनबाईंचा घासलेला गंज

गावांसाठी बनवलेल्या, उन्हावर अन्न शिजवणाऱ्या सौर पेटीची चाचणी आहे, नोंदी घ्यायला विज्ञान शिकवणारं कुणी हवंय, असं एका संस्थेने कळवलं. शाळेला सुट्टी लागली होती. मी लगेच हो म्हटलं आणि नागपूरहून गाडी काढली. इतकी चिडून परत येईन, असं मात्र वाटलं नव्हतं.

उमरेड, भिवापूर, नागभीडवरून सिंदेवाही. रस्ता बरा आहे, पण उन्हाळ्यात पहाटेच निघा, नंतर स्टिअरिंगचे चटके बसतात. वाटेत तर्री-पोहे खाऊन घ्या. सिंदेवाहीत लॉजवर आठशेत कूलरची खोली मिळाली. कूलरमध्ये पाणी आहे का, ते पैसे देण्याआधी बघा!

गाव तिथून आत, धानाच्या बांध्यांपलीकडे, म्हणजे भातखाचरांपलीकडे. बांध्या संपल्या की जंगलच. गावात वाटायच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या; चाचणी शकुनबाईंच्या अंगणात होती. त्यांची जाऊ सरपणाला गेली असताना वाघाने नेली. तरी शकुनबाई अजूनही जंगलात जातात.

"गॅस नाही का?" मी विचारलं.

"हाय ना. पन भरून आनाले परवडत नाई. हे पेटी भेटली तं लाकडाच्या फेऱ्या कमी होतीन, मॅडम. जीव मुठीत धरून जा लागते."

संस्थेच्या साहेबांनी पेटी उन्हात मांडली, आरसा वळवला, मी वहीत वेळ टिपत असताना न बघताच आत तांदळाचा गंज ठेवला. पातेल्याला इकडे गंज म्हणतात. दोन तासांनी झाकण उघडलं तर तांदूळ कच्चेच. साहेबांनी मान हलवली. मी गंज बाहेर काढला आणि बघतच राहिले. संस्थेने तो काळा रंगवून आठवडाभर आधी घरी पोचवला होता, कारण काळं भांडं ऊन धरतं. माझ्या हातातला गंज चांदीसारखा चकचकीत होता.

"रंग कुठे गेला?"

"घासला ना, राख लावून!" शकुनबाई कौतुकाने म्हणाल्या. "पाव्हने येनार, अन् काळा गंज पुढं ठेवू? लोकं काय म्हनतीन?"

इथे घराघरांत मांडणीवरची भांडी लखलखत असतात, त्यावरूनच बाईचं नाव होतं. हे साहेबांना ठाऊक नसेल, समजू शकते. पण रंग का लावलाय, एवढं सांगायला तोंड दुखत होतं का? पोच मिळाल्याच्या सह्या मात्र आठवणीने घेतल्या होत्या.

"बघा मॅडम, फुकट दिलं की यांना किंमत नसते," साहेब म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उद्या पुन्हा चाचणी घ्यायची, असं मी ठणकावून सांगितलं. "घ्या तुम्ही," म्हणून ते जीपमध्ये बसले.

संध्याकाळी शकुनबाईंनी गंज चुलीच्या धुरावर धरला. काजळीने तो बाहेरून काळाकुट्ट झाला. त्यांना ते बघवत नव्हतं, पण धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच पेटीत भात शिजला, चांगला मोकळा. वांग्याच्या भाजीशी आम्ही तो शेजारणींसोबत बसून खाल्ला. हसणं थांबत नव्हतं. मी साहेबांना फोटो पाठवला.

हात धुतो न धुतो तोच सगळ्या पेट्या परत न्यायला पिकअप आली. साहेबांनी आदल्या दिवशीच अहवाल पाठवला होता: महिलांमध्ये अनास्था.

"मले फक्त पेट्या आनाले सांगतलं," ड्रायव्हर म्हणाला. मी भांडले, साहेबांना फोन लावत राहिले. त्यांनी उचलला नाही. शकुनबाईंच्या अंगणातली गरम पेटी फडक्याने धरून गाडीत चढवली गेली.

घरी येऊन मेलवर मेल केले. पेट्या आता "प्रतिसाद देणाऱ्या" गावात दिल्यात, असं उत्तर आलं. वा! एवढा भात शिजवून दाखवला, तो प्रतिसाद नव्हता? नापास तुमचं सांगणं झालं होतं आणि शिक्षा भोगायची त्या बाईने?

काल शकुनबाईंचा फोन आला.

"मॅडम, गंज काळाच ठेवला हाय, घासला नाई. पेटी कधी येते? घरातले लाकडं सरले, उद्या जंगलात जा लागते."