माडीवरचं कपाट

सातव्या कलमाशी येऊन रेगे गालातल्या गालात हसला, तेव्हाच मला संशय आला.

माझ्या घाटकोपरच्या ऑफिसात समोर बसून तो करार वाचत होता. शेजारी त्याची बायको शालिनी, नवं लग्न झालेली. पलीकडे घरमालकीण माई सावंत, पदर घट्ट लपेटून. रेग्यानं कागद खाली ठेवला आणि विचारलं, "सही कुठे करू?"

घासाघीस नाही, हे कलम काढा ते घाला नाही. मुंबईत जागा शोधणारा माणूस इतका गुणी असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, असं समजायचं. मी तसं समजलो आणि तरीही पेन पुढे केलं. दुसरं करणार काय? माडी रिकामी ठेवणं माईंना परवडत नव्हतं.

माईंचे यजमान गिरणीत फिटर होते. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशात त्यांनी एकमजली घर बांधलं आणि माडीच्या भिंतींना गिलावा होण्याआधीच ते गेले. एकुलता मुलगा वसंत रेल्वेत, नागपूरला. दोन वर्षांनी बदली होऊन येणार, मग त्याचं लग्न करायचं आणि वरच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकात त्याचा संसार मांडायचा, एवढंच माईंचं स्वप्न. तोवर ब्लॉक भाड्यानं द्यायचा. यापूर्वी त्यांनी कोणाला साधी शिडीसुद्धा भाड्यानं दिली नव्हती.

आता सातवं कलम काय ते सांगतो. पन्नासच्या दशकात एकदा का माणूस 'भाडेकरू' म्हणून घरात शिरला, की त्याला बाहेर काढताना मालकाचे केस पिकत. कायदा भाडेकरूच्या बाजूचा. म्हणून आम्ही वकिलांनी एक पळवाट काढली होती, 'लीव्ह अँड लायसन्स'. राहणाऱ्याला भाडेकरू म्हणायचंच नाही. त्याला फक्त राहायची परवानगी, ताबा मालकाचाच. आणि तो ताबा डोळ्यांना दिसावा म्हणून खोलीत मालकाचं एक कुलूपबंद कपाट ठेवायचं. किल्ली मालकाकडे, आणि मालकानं रोज येऊन ते उघडायचं. हेच सातवं कलम.

"माई, कपाटात रोज लागेल असं काहीतरी ठेवा," मी बजावलं होतं. "जुनी लुगडी ठेवाल आणि महिना महिना वर फिरकणार नाही. तसं चालायचं नाही."

"मला रोज काय लागतं? चहा लागतो."

"मग चहा-साखरेचे डबे ठेवा."

"म्हणजे उठल्या उठल्या चिमूटभर चहासाठी मी माडी चढायची? माझे गुडघे बघितलेत का?"

"चढायचीच. आणि कोणावर विश्वास ठेवायचा नाही."

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेड मलाच लागलंय. पण डबे वर गेले. पुढे बाजारात भेटल्या की मी विचारायचो, "जाता ना वर?" "रोज!" म्हणायच्या. मी निर्धास्त. वर जाऊन काय करता, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

दोन वर्षं झाली. वसंताची बदली झाली, लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वतंत्र खोल्या असतील तरच मुलगी देऊ. माईंनी रेग्याला जागा सोडायला सांगितलं. त्यानं वकिलामार्फत उत्तर पाठवलं: मी भाडेकरू आहे, कपाट म्हणजे निव्वळ देखावा आहे, जागा सोडणार नाही.

माई ऑफिसात आल्या त्या तणतणतच. चिडल्या की त्या मालवणीत बोलत. "मेल्यान माका फसवल्यान, वकीलानू! माजो झील वसंत खंय ऱ्हवतलो आता? लगीन मोडतला त्याचा!"

"तो हसला होता ना, तेव्हाच मी ओळखलं होतं," मी म्हणालो.

"मग तेव्हा गप्प कशाला बसलात?"

मी अर्ज तयार करायला घेतला.

जागेचे खटले चालतात त्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला माई उभ्या राहिल्या. उलटतपासणी म्हणजे आपल्या साक्षीदाराला समोरच्या वकिलानं प्रश्न विचारायचे. रेग्याचा वकील लोण्यासारखा मऊ बोलणारा. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते.

"माई, तुम्ही रोज वर जात होता?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

शाब्बास, मी मनात म्हटलं.

"सरळ आत शिरायचात?"

"सरळ कशी शिरेन? नवराबायको राहतात तिथं. जिन्यातून हाक मारायची मी, येऊ का गं, म्हणून."

"आणि उत्तर येईपर्यंत?"

"थांबायची."

"म्हणजे ताबा तुमचा आणि परवानगी तुम्ही मागायची?"

"रीत आहे ती! तुमच्याकडे नसते का?"

मॅजिस्ट्रेटसारखे कडक चेहऱ्याचे आमचे जज्ज खाली मान घालून लिहायला लागले. मी डोक्याला हात लावला. असल्या खटल्यात सगळं दारावर असतं. दारातून आत कोण कोणाच्या मर्जीनं येतं, त्यावर ताबा ठरतो.

"वर गेल्यावर चहा-साखर घेऊन खाली येऊन चहा करायचात?"

"छे! ती म्हणायची, आलाच आहात तर इथंच घ्या. ती करायची, आम्ही दोघी प्यायचो."

"कपबशा कोणाच्या?"

"तिच्याच."

"मग पाहुण्या तर तुम्ही झालात!"

कोर्टात हशा पिकला. बाहेर आल्यावर मी माईंवर उखडलो. "स्वतःच्या घरात शिरताना 'येऊ का' विचारतं का कोणी?"

"मग काय दणादण घुसू? तुमच्या आईनं तुम्हाला हेच शिकवलं वाटतं?"

माझी आई माझ्या खोलीत यायच्या आधी बाहेरूनच खाकरायची.

पुढच्या तारखेला त्यांनी शालिनीला साक्षीला आणलं. कडेवरचं तान्हं मूल तिनं बाकावर सासूकडे दिलं आणि पिंजऱ्यात उभी राहिली. "माई हाक मारायच्या, मी 'या' म्हणायची, मग त्या यायच्या," ती म्हणाली. नवऱ्यानं साक्षीत सांगितलं होतं, शब्दन् शब्द तेच. पढवलेला साक्षीदार मला दहा हातांवरून कळतो. खटला हातचा गेला होता. माई मागच्या बाकावर तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, असा प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. पण बुडालेल्याला कसला नियम?

"माई हाक मारायच्या तेव्हा दार कसं असायचं?" मी विचारलं.

रेगे तिच्याकडे टक लावून बघत होता. ती माईंच्या पाठीकडे बघत होती.

"उघडं," ती म्हणाली.

"तुम्ही हाक ऐकून उघडायचात?"

"नाही. मी उठले की कडी काढून ठेवायची. माईंचे गुडघे दुखतात, जिन्यात उभं राहवत नाही त्यांना. कितीदा सांगितलं, हाक मारू नका, सरळ या. ऐकतच नाहीत."

"आणि चहा रोज तुम्हीच करायचात?"

"बाळंतपणात नाही. तेव्हा मी बाजेवर होते. माहेरचं, सासरचं कोणी आलं नव्हतं. स्वयंपाकघर सगळं माईंच्याच हातात होतं. आमच्या दाराची किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच असायची."

रेगे ताडकन उठला. "खाली बसा," जज्ज म्हणाले.

माई मागे वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मला वाटलं, माई पेढे वाटतील. त्या तडक शालिनीकडे गेल्या. "खरं कशाला बोललीस गं? जागा गेली ना तुझी!"

"तुमच्यासमोर खोटं कसं बोलू, माई?"

"नवरा काय म्हणाला?"

"अजून बोलले नाहीत माझ्याशी."

माईंनी बाळाला जवळ घेतलं. मी लांब उभा राहून विचार करत होतो, यात काही डाव तर नाही? अपील करणार असतील का? अपील आलं नाही. मुदत संपायच्या आत रेगे कुटुंब मानखुर्दला एका खोलीत राहायला गेलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात फुकट गेलेला संशय तो.

वसंताचं लग्न थाटात झालं. वर्षभरानं माईंनी मला बोलावलं. घर मुलाच्या नावानं करून द्यायचं होतं. बक्षीसपत्र तयार करून एका सकाळी मी गेलो. खालच्या खोलीत शिरताच मला ते कपाट दिसलं.

"हे खाली कसं आलं?"

"सुनेच्या आरशाला जागा हवी होती." माई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. "येऊ का गं?"

"थांबा हं, आई, जरा!" वरून आवाज आला.

आम्ही थांबलो. कडी काही निघेना. माई एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या.

"रोज असंच?" मी विचारलं.

"तरणीताठी माणसं आहेत. रीत आहे ती," माई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

वसंत खाली आला तेव्हा मी म्हणालो, "कागदात एक चूक राहिली आहे. पुढच्या आठवड्यात सही करू."

चूक कसली? चूक नव्हतीच. घरी येऊन मी कागद पुन्हा टाइप केला. खालचा मजला आणि जिना माईंच्या हयातीत माईंच्या ताब्यात. आणि सातवं कलम: माडीवर पुढच्या खोलीत माईंचं एक कपाट राहील, किल्ली माईंकडे, ते उघडायला त्या रोज जातील.

वसंत ते वाचता वाचता सातव्या कलमाशी थांबला. त्याला हसू आलं नाही. त्यानं आईकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सही केली.

कपाट परत वर गेलं, आत चहा-साखर. सकाळी कडी काढलेली असते की नाही, हे मी माईंना विचारलेलं नाही. उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी आयुष्यात एकदाच विचारला, आणि तेव्हा समोर शालिनी होती.