भरितासाठी घेतलेली शेगडी

कुवेतला थंडी पडते हे गावाकडे कोणाला पटत नाही. "वाळवंटात कसली आलीय थंडी?" म्हणून माझी आई फोनवर हसायची. जानेवारीत सालमियात समुद्राकडून वारा सुटला की वाटायचं, तिला उचलून आमच्या चौथ्या मजल्यावर आणून बसवावं. इथल्या इमारती उन्हाळ्याच्या धास्तीनं बांधलेल्या आहेत, थंडीचा विचार कोणी केलेलाच नाही. फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, खिडक्यांच्या फटी शिट्या वाजवतात आणि एसीच्या चौकटीतून वारा सरळ घरात येतो.

पण थंडीपेक्षा मला जास्त त्रास समोरच्या फ्लॅटचा व्हायचा.

समोर रत्नागिरीकडचं मुसलमान जोडपं राहायचं. नवऱ्याची राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात भागी होती, बायको माझ्याच वयाची. त्यांना मूल नव्हतं. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला ताई. त्यांचा भाडेकरार जुना होता, त्यामुळे त्यांचं लाइट बिल भाड्यातच. आम्ही आलो तोवर मालक शहाणा झाला होता आणि नव्या भाडेकरूंचं बिल त्यानं वेगळं काढलं होतं. म्हणजे मजला एक, मालक एक, मधे दोन पावलांची जागा. तिकडे सकाळपासून तेलाचा भलामोठा हीटर चालू, आणि इकडे माझा नवरा. तो अकाउंटंट आहे. हीटरचं बटण दाबलं की तो घड्याळाकडे बघायचा.

मग मी घरातली ऊब राखायला घेतली. खिडक्यांना रुंद चिकटपट्टी लावली. एसीच्या चौकटीत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या भोकावर पुठ्ठा लावला. दाराखाली टॉवेलची गुंडाळी. गीझर वीस मिनिटं, आणि तेवढ्यात नवरा, मी आणि मुलगी, तिघांनी एकामागून एक अंघोळी उरकायच्या. झोपताना प्रत्येकाच्या पायाशी गरम पाण्याची बाटली. दुपारी गॅलरीत ऊन यायचं तेवढ्यात गोधड्या तापवून, घड्या घालून लगेच आत. त्या महिन्याचं बिल बघून नवरा म्हणाला, "वा!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच मी भाभीला सांगायला गेले. ती पातळ पंजाबी ड्रेसमध्ये, स्वेटरसुद्धा न घालता, दारात उभी होती.

"कशाला येवढा जीव काढता, ताई?" ती म्हणाली. "पोरीला पाठवा हिकडं. आमचा हीटर चालूच आसतो, बिलाची कायच चिंता नाय."

ती चांगुलपणानं म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी अंगाचा तिळपापड झाला.

मुलगी आठ वर्षांची. दोनच्या सुमारास शाळेतून यायची, चार घास खायची आणि दप्तर घेऊन समोर पळायची. सुरुवातीला अभ्यासापुरती, मग चित्रं काढायला, मग नुसतीच. भाभी तिला खोबरं घातलेली घावनं करून द्यायची. तिच्या केसांना तेल लावायची. माझ्या हाताखाली दोन मिनिटं मान स्थिर न ठेवणारी माझी लेक तिच्यापुढे मांडी घालून निमूट बसायची. एकदा मी विचारलं, तुला तिथे एवढं काय आवडतं गं?

"इट्स वॉर्म देअर, मम्मा."

मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर, ही तिची रीतच. पण भाभीला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची आणि तिच्याशी "खाला, मला अजून एक द्या ना" असं चक्क मराठीत बोलायची. हे मी दाराच्या फटीतून ऐकलंय. हो, मी दाराला कान लावून उभी राहायचे. मला हेवा वाटायचा. तिच्या हीटरचा वाटायचा, तिच्या जुन्या कराराचा वाटायचा, ती स्वतः गाडी चालवायची त्याचा वाटायचा, आणि या सगळ्याच्या तळाशी जे होतं त्याचं तर विचारूच नका. तिला मूल नाही याची कीव करून बघितली. तेही जमेना, कारण दुपारी दोन ते सात माझं मूल तिच्याकडेच होतं.

एका शुक्रवारी आम्ही राईच्या बाजारात गेलो. थंडीत तिथे वाळवंटात तंबू टाकणाऱ्यांसाठी सगळं मिळतं: सतरंज्या, कंदील, कोळशाच्या पत्र्याच्या शेगड्या. एक शेगडी मला बघताक्षणी आवडली. बुटकी, चार पायांची, अगदी माझ्या बाळंतपणातल्या शेगडीसारखी. मुलगी झाली तेव्हा मी माहेरी होते. सव्वा महिना आईनं माझ्या बाजेखाली निखारे ठेवून मला शेकलं होतं, त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून लेकीला धुरी दिली होती. त्या उबेतच ती वाढली, आणि ती ऊब माझी होती, कोणा मालकाची नव्हती. नवऱ्याला म्हटलं, गॅलरीत वांगी भाजू, भरीत करू. भरिताचं नाव काढल्यावर त्यानं नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

सोमवारी लेक शाळेतून आली तेव्हा मी कोळसे गॅलरीत पेटवून, धूर पार जाऊ देऊन, लालबुंद निखारे करून ठेवले होते. धूर गेला की निखारा निर्धोक, ही माझी समजूत. आईच्या घराला कौलं होती, दार दिवसभर उघडं असायचं, बायका सारख्या आतबाहेर करायच्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझं घर तर मीच महिनाभर खपून डबीसारखं बंद केलं होतं. शेगडी आत आणली, गॅलरीचं दार लावलं, खाली टॉवेल सारला आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला.

"वाव," लेक म्हणाली, आणि माझ्या मांडीला टेकून बसली.

एवढं सुख मला त्या देशात कशानंच झालं नव्हतं. तासभर आम्ही मायलेकी तशाच बसलो. मी तिला ती बाळ असतानाच्या गोष्टी सांगितल्या. समोर भाभी वाट बघत असेल, या विचारानं तर ऊब जरा वाढलीच.

मग ती म्हणाली, "मम्मा, माय हेड इज पेनिंग."

मी म्हटलं, होईल बरं, पड जरा.

थोड्या वेळानं परत म्हणाली. मळमळतंय म्हणाली. मग म्हणाली, "कॅन आय गो टू खाला?"

झालं! मला वाटलं, हेच. डोकं नाही आणि काही नाही, तिकडे जायचं निमित्त. "काही जायचं नाही," मी ओरडले. "आईजवळ एक दिवस बसवत नाही का तुला?" ती रडली नाही. गप्प पडून राहिली. माझंही डोकं जड झालं होतं. पण मला वाटलं, ते रागामुळे असेल.

बेल वाजली. कोण ते मला ठाऊक होतं. मी उठले नाही. परत वाजली, मग दारावर थापा. लेकीचे शाळेचे बूट दाराबाहेर होते, त्यावरून आम्ही घरात आहोत हे भाभीला कळत होतं. शेवटी चार शब्द सुनवायचे म्हणून उठले, तर पाय माझे नव्हते. भिंत धरत धरत दारापर्यंत गेले आणि कडी काढली. भाभीच्या हातात झाकलेली ताटली होती. तिनं एक श्वास घेतला.

"अल्ला! कोळसा पेटवलात घरात?"

ताटली कुठे पडली मला माहीत नाही. तिनं आधी गॅलरीचं दार उघडलं, मग मी लावलेली चिकटपट्टी नखांनी ओरबाडून खिडकी उघडली, मग लेकीला उचललं. लेकीची मान तिच्या खांद्यावर लटकत होती. मी काही विचारत होते, पण जिन्यावर माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. गाडी तिनंच चालवली. मी मागे लेकीला मांडीवर घेऊन बसले होते आणि काच पूर्ण खाली होती. आयुष्यात इतका गार वारा मी कधी मागितला नव्हता.

सरकारी हॉस्पिटलात दोघींच्या तोंडाला ऑक्सिजनचे मुखवटे लावले. माझा लवकर काढला. लेकीचा बराच वेळ होता. डॉक्टरनं सांगितलं, बंद घरात निखाऱ्यांचा विषारी वायू साठला होता, त्याला वास नसतो; पण उशीर झाला नाही, बरी होईल. असं दर थंडीत येतं म्हणे कोणी ना कोणी, बहुतेक तंबूतले. नवरा वाटेत होता. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाभी.

लेकीचा मुखवटा काढला तेव्हा केरळची नर्स तिच्या गालावर थोपटत हिंदीत म्हणाली, "बेटा, सिर दुख रहा था तो किसी को बताया क्यों नहीं?"

"आय टोल्ड मम्मा," ती म्हणाली.

तक्रार म्हणून नाही. विचारलं म्हणून सांगितलं. भाभीनं मान खाली घातली आणि पांघरूण नीट करत राहिली. लेकीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. भाभी तिथेच, हाताच्या अंतरावर होती, पण बोट माझं धरलं होतं. सबंध हिवाळा मी याच्यासाठी तळमळले होते, आणि आता ते मिळालं होतं तर मला लेकीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.