मॉरिसव्हिलमधला जोगवा

देवी समुद्र ओलांडून येते की नाही, हे मला माहीत नव्हतं. मुलाकडे मॉरिसव्हिलला कायमची राहायला आले तेव्हा परडी आणि कवड्यांची माळ सोबत आणली होती, पण ती पिशवी कपाटातच राहिली. गावी मी मंगळवारी जोगवा मागायचे. आमच्या घरात तो सासूकडून माझ्याकडे आला. अंबाबाईच्या नावानं पाच दारांपुढे परडी धरायची, बाया घालतील ते पीठमीठ घ्यायचं आणि त्याचा नैवेद्य करायचा. परडी रिकामी परत पाठवायची नाही, हे घालणाऱ्यालाही ठाऊक असतं. इथे दारं बंद. जो तो गाडीतून थेट गॅरेजमध्ये शिरतो. मागायचं कुणाकडे? मग मी नुसता दिवा लावून गप्प बसायला लागले. देवीवर रागावले नव्हते. तिच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

माझी सून रोहिणी कॉम्प्युटरचं काम करते. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून केनियातल्या काही मासाई मुलींना शाळेसाठी स्कॉलरशिप देतात. मासाई लोक गुरं पाळतात. त्यांच्यातल्या काही घरांत मुलीचं लग्न अजूनही लहान वयातच उरकतात. आमच्याकडेही उरकायचे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. दर शनिवारी सकाळी या बायका एकेका मुलीशी फोनवर तोंड बघून बोलतात. त्याला त्या मेंटॉरिंग म्हणतात. मी बाजूला भाजी निवडत बसायचे. रोहिणीच्या वाट्याला आलेल्या मुलीचं नाव नासेरियन. रोहिणी तिला दर वेळी विचारायची, तुझं स्वप्न काय, तुला पुढे काय व्हायचंय. एकदा मी म्हटलं, "अगं, आधी ती जेवली का ते विचार." रोहिणीनं हसत ते तिला सांगितलं. मुलगीही हसली आणि म्हणाली, त्या आजींना पुढे बसवा.

तेव्हापासून मीही बोलायला लागले. मधे रोहिणी. बोलणं सुरू व्हायच्या आधी ती मुलगी डोकं वाकवून फोनजवळ आणायची. त्यांच्याकडे लहानांनी वडीलधाऱ्यांपुढे डोकं वाकवायचं आणि मोठ्यांनी त्यावर हात ठेवायचा, अशी रीत आहे. मी फोनच्या काचेवर हात ठेवायचे. माझी शाळा चौथीनंतर सुटली, म्हणून मला या मुलींचा कळवळा, असं रोहिणी सगळ्यांना सांगते. तसं काही नाही. ती मुलगी नीट बोलायची, गणितात हुशार होती आणि उगाच गोड वागायची नाही. मला आवडली.

ऑगस्टच्या सुट्टीत ती घरी गेली आणि वडिलांनी तिचं लग्न ठरवलं. शाळेच्या बाई त्याच गावात राहतात, त्यांनी कळवलं. रोहिणी आणि तिच्या मैत्रिणींनी त्या बाईंच्या फोनवरून वडिलांशी बोलणं केलं. मी मागे बसून बघत होते. या सगळ्या शिकलेल्या, मनानं चांगल्या. त्यांनी वडिलांना समजावलं की फी आम्ही भरू, कपडे देऊ, पुस्तकं देऊ. त्यांचा चेहरा हलेना, तेव्हा एक जण म्हणाली, वर एक दुभती गायही देऊ. ते उठून उभे राहिले. "माझी मुलगी विकायला ठेवलेली नाही," म्हणाले आणि निघून गेले. नंतर बाईंचा निरोप आला. ते आता या बायकांशी बोलणार नाहीत, आणि येत्या सोमवारी शाळा उघडली तरी नासेरियन जाणार नाही.

रोहिणी दोन दिवस धड जेवली नाही. मला काही सुचत नव्हतं. गावी हातातलं सगळं संपलं की जोगव्याला निघायचे, म्हणून मंगळवारी मी कपाटातली पिशवी काढली, माळ गळ्यात घातली, मळवट भरला.

"आई, इथे असं कुणाच्या दारात जात नाहीत," रोहिणी म्हणाली. "दारावर कॅमेरे असतात. कोणी पोलीस बोलावले तर?"

"बोलावू देत. त्यांच्याकडेही मागेन."

ती घरून काम करत होती, तिची मीटिंग सुरू झाली. मी निघाले. पहिलं घर आमच्या ओळखीचं, नागपूरचं. तिथल्या काकूंनी पदर नव्हता म्हणून डोक्यावर ओढणी घेतली आणि गव्हाचं पीठ घातलं. त्यांच्या शेजारच्या तेलुगू बाईनं काही न विचारता तांदूळ आणले. तिसऱ्या दारात पुण्याची एक मुलगी कानात यंत्र घालून उभी राहिली. "मावशी, कॅश नाहीये, ऑनलाइन पाठवू का?" मी म्हटलं, "पीठ घाल." ती आत जाऊन बराच वेळ शोधत होती. "बदामाचं आहे फक्त. चालेल?" मी परडी पुढे केली. चौथ्या घरी मीठ मिळालं.

पाचवं घर सापडेना. पुढच्या गल्लीत गेले तर एका दारावर कवड्यांची माळ टांगलेली दिसली. मला वाटलं, आपल्याच देवीचं घर. घंटा वाजवली आणि गावच्यासारखी मोठ्यानं हाक दिली, "आई राजा उदो उदो! अंबाबाईचा जोगवा!"

दार उघडलं तर आत उंच, काळीसावळी, केस बारीक कापलेली बाई. अंगात हॉस्पिटलमधल्या कामाचे कपडे. आपल्यातली नव्हती. मला इंग्रजी येत नाही. मी परडी दाखवली आणि "फ्लोअर, फ्लोअर" म्हणाले, कारण पिठाच्या पिशवीवरचा तेवढा शब्द मला ठाऊक होता. तिनं माझ्या गळ्यातली माळ पाहिली, आपल्या दाराकडे पाहिलं. मग आत गेली आणि मक्याचं पांढरं पीठ ओंजळीनं परडीत घातलं. घालून झाल्यावर तिनं माझ्यापुढे डोकं वाकवलं. हात जोडले नाहीत, पाया पडली नाही. नुसतं डोकं पुढे केलं आणि थांबली.

हे मी दर शनिवारी बघत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मासाई?"

ती दचकली. मी तिचा हात धरला आणि तशीच आमच्या घरी घेऊन आले. रोहिणी मीटिंग सोडून उठली.

तिचं नाव एस्थर. नर्सचं काम करते, नुकतीच त्या घरात राहायला आली होती. दारावरची माळ तिच्या आईनं ओवलेली. चहा पिता पिता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग रोहिणीला म्हणाली की चूक तुमचीच आहे. त्या माणसाकडे गायी आहेत, जमीन आहे, मान आहे. तुम्ही त्याला देत सुटलात. तो काय भिकारी आहे? मुलगी त्याची आहे, तर त्याच्याकडे मागायला हवं. आमच्याकडे कोणी हातात गवत धरून आलं तर त्याचं ऐकून घ्यावंच लागतं. आणि मागायला घरातलं सर्वांत वयस्कर माणूस जातं.

रोहिणीनं हे मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे जोगवाच की."

शाळेच्या बाईंनी वडिलांना कळवलं की एक म्हातारी तुमच्या दारात येऊ इच्छिते. ते हो म्हणाले. बुधवारी सकाळी मी अंगणातलं गवत उपटून हातात धरलं, परडी मांडीवर घेतली आणि फोनसमोर बसले. मी मराठीत बोलायचं, रोहिणीनं इंग्रजीत, एस्थरनं त्यांच्या भाषेत. मुलीचे वडील झाडाखाली बसले होते. माझ्याच वयाच्या आसपासचे, खांद्यावर लाल कापड. त्यांनी गवताकडे पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली.

मी म्हटलं, "माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही. मी मागायला आलेय. तुमच्या मुलीची शाळा माझ्या परडीत घाला."

त्यांनी पुढे वाकून परडी पाहिली. मग विचारलं, "तुमच्याकडे गायी किती?"

"एक होती. इकडे येताना विकली. अजून आठवते."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलेलं दिसलं. मग म्हणाले, "शिकलेली मुलगी उद्धट होते. ऐकत नाही."

"होते ना," मी म्हटलं. "ही माझी सून बघा. चिक्कार शिकलेली. माझं एक ऐकत नाही. पण मी आजारी पडले तेव्हा डॉक्टरशी भांडली तीच."

रोहिणी अडली. "आई, हे मी सांगू?"

"सांग. खोटं आहे का?"

तिनं सांगितलं. एस्थरनं हसू दाबत पुढे सांगितलं. वडील मोठ्यानं हसले, मागे उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. पण हो म्हणाले नाहीत. विचार करतो म्हणाले आणि उठले. फोन बंद झाल्यावर रोहिणी मला म्हणाली, "आता काय?" मी म्हटलं, "आता काही नाही. मागून झालं."

मला त्यानंतर शांत झोप लागली. एवढंच मी अनुभव म्हणून सांगू शकते. ती मुलगी शाळेत जावी असं मला वाटत होतं, फार वाटत होतं, पण ते ओझं माझ्याजवळ राहिलं नव्हतं. जोगवा मागणाऱ्यानं दारात उभं राहायचं असतं. किती घालायचं, कधी घालायचं, हे घरातल्या माणसानं ठरवायचं. सारा जन्म मी परडी धरली, पण हे मला इथे आल्यावर कळलं. एस्थर त्या घरात राहायला येणं, ती मंगळवारी नेमकी घरी असणं, मला ते दार सापडणं, हे देवीनं केलं की आपोआप झालं, ते मला सांगता येणार नाही. मी कवड्या बघून चुकले, एवढं खरं. ती चूक माझ्याकडून करवून घेतली असेल तर तिचे उपकार आहेत.

परडीत गहू, तांदूळ, बदाम आणि मका एकत्र झाले होते. तांदूळ दळून घेतले आणि त्या सगळ्याच्या भाकरी केल्या. पीठ धरेना, एकेक भाकरी तव्यावर तुटली. तुकड्यांचाच नैवेद्य दाखवला. एस्थरनं चार तुकडे खाल्ले आणि तिच्या आईला फोटो पाठवला.

शनिवारी फोन वाजला. पलीकडे नासेरियन होती. अंगात शाळेचा गणवेश, सोमवारी निघायचं म्हणून घालून बघत होती. तिनं डोकं फोनजवळ आणलं, मी काचेवर हात ठेवला. रोहिणी रडायला लागली, म्हणून बाकीचं शेजारी बसलेल्या एस्थरनं विचारलं. वडिलांनी निरोप दिला होता की म्हातारीला सांगा, या वर्षापुरतं घातलंय, पुढच्या वर्षाचं पाहिजे असेल तर पुन्हा मागायला या.

रोहिणीला हे अपुरं वाटलं. मला नाही वाटलं. जोगवा कधी एकदाच मागून संपत नाही. मी परडी धुतली, उन्हात वाळवली आणि दाराशेजारी खुंटीला टांगली. कपाटात ठेवली नाही.